मालक स्वतः गाडी चालवत असेल तर

त्सुबामे,
३ नोव्हेंबर

चि. सौ. फुसाए हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण काहीच नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे तू घाबरणार नाहीस. इकडे थंडी पडू लागली आहे. याहिकोचा डोंगर तांबडा होऊन आता गळायला लागलाय आणि गल्लीतल्या बायकांनी मुळे धुऊन ओसरीला टांगायला सुरुवात केली आहे. तुमच्या सादो बेटावर तर वारा कपडे दोरीवर राहू देत नसेल. तुझे गुडघे कसे आहेत? कोसाकुरावांची कंबर? (त्यांना म्हणावं, नासपतीच्या झाडावर आता जावयाने चढावं, सत्तराव्या वर्षी शिडीशी मैत्री बरी नव्हे.) तू पाठवलेली पेटी पोचली. फळं उत्तम होती. बारा फळं एकट्या माणसाने खायची म्हणजे परीक्षाच, म्हणून सहा पलीकडच्या आजींना, सेकीने आडनावाच्या, दिली. त्यांना चौऱ्याऐंशी वर्षं झाली आहेत आणि दात त्यांचे स्वतःचे आहेत, हे त्या भेटेल त्याला सांगतात.

माझी तब्येत ठणठणीत आहे. तू गेल्या पत्रात विचारलंस, की दादा, दोन माणसांएवढं पेट्रोल पिणारी ती बावीस वर्षांची काळी गाडी तू अजून का ठेवली आहेस. प्रश्न विचारलास ते बरंच केलंस. गावातही सगळ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला मेल्या साहेबाचं सिंहासन मिळालं म्हणून तो फुगलाय. तर हकीकत अशी आहे.

हिरागा साहेबांच्या चमच्यांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो, हे तुला ठाऊक आहे. साहेब गेल्यावर मीही निवृत्त झालो, त्या दिवशी त्यांच्या मुलाने मला आत बोलावून चहा दिला आणि म्हणाला, "ओनुमाकाका, बाबांची गाडी तुम्हीच घेऊन जा." आता आपल्याकडची रीत तुला काय सांगायची? मी म्हटलं, छे छे, माझी काय लायकी. तो म्हणाला, नाही, घ्याच. मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने मान लववून सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता नको म्हणणं म्हणजे थोरल्या साहेबांचा अपमान, आणि मी दोन्ही हातांनी किल्ली घेतली. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. नंतर कचेरीतल्या बाईंकडून कळलं, की मी तिसऱ्यांदाही नको म्हणेन या भरवशावर त्याने ती गाडी एका दलालाला कबूल करून ठेवली होती. म्हणजे त्याने सभ्यपणा म्हणून दिली आणि मी सभ्यपणा म्हणून घेतली. (मला तरी कुठे हवी होती? मला छोटी पांढरी गाडी घ्यायची होती, जिच्यात मासळी ठेवली तरी वाईट वाटलं नसतं.) दोन सज्जन माणसांच्या सभ्यपणापायी दोन टन लोखंड माझ्या दारात येऊन उभं राहिलं.

दारात उभं राहिलं हेही खरं नाही, कारण ते दारात मावेना. जागेचा दाखला असल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, म्हणून पोलीस ठाण्यातला एक पोरगेलासा शिपाई टेप घेऊन आला. त्याने तीनदा मोजलं आणि फार दुःखाने सांगितलं, की गाडी तीस सेंटिमीटर जास्त आहे. मी म्हटलं, गाडी कापू का? तो म्हणाला, आजोबा, भिंत कापलेली बरी. म्हणून स्वयंपाकघरामागची कोठी पाडली. तिथे तुझ्या वहिनीची, किनुएची, लोणच्याची पिंपं होती. ती गेल्यानंतर त्या पिंपांना मी हात लावला नव्हता. ती आता माझ्या झोपायच्या खोलीत आहेत, पाच पिंपं, आणि मी त्यांच्या मधोमध अंथरूण घालतो. आरंभी वासाने झोप येत नसे. आता पाहुणा म्हणून कुठे राहिलो तर येत नाही.

बरं, गाडी आली, नावावर झाली, चकचकीत पुसली. पहिल्या रविवारी पांढरे हातमोजे चढवून मी ती बाहेर काढली आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं, की मला एकट्याला गाडी चालवता येत नाही. चालवता येते गं, पण आरशात पाहिलं की मागची जागा रिकामी. ड्रायव्हरची मागची जागा भरलेली असते तेव्हा तो कोणाला तरी पोचवायला निघालेला असतो, रिकामी असते तेव्हा आणायला. एकतीस वर्षांत तिसरा प्रकार मला माहीत नव्हता. त्यामुळे मी कुठेही निघालो, केस कापायला निघालो तरी, आपोआप घाई सुरू होते, की उशीर होतोय, माणूस वाट बघत असेल. गेलं दीड वर्ष मी कोणाला तरी आणायला निघालोय, फुसाए, आणि तो माणूस कुठे उभा आहे ते मला कोणी सांगितलेलं नाही.

त्यात गाडीची स्वतःची दुखणी. साहेब वीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, ड्रायव्हरच्या मागच्या मानाच्या जागेवर बसले. मोठा माणूस होता, चमच्यांचा धंदा असला तरी स्वतः हातचं राखून कधी जेवला नाही. त्यामुळे गाडीचा तो कोपरा खचलाय. उभी केली की हळूहळू मागच्या उजव्या अंगाने खाली बसते. तामाकीच्या गॅरेजात नेली. (तामाकी म्हणजे माझ्याबरोबर शाळेत होता तो, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा.) तो गाडीखाली गेला, अर्धा तास आत राहिला, मला वाटलं झोपला. बाहेर येऊन म्हणाला, "तोकु, ही गाडी आजारी नाही. ही सुतकात आहे." हवेवर चालणारी कसलीशी स्प्रिंग आहे आणि ती आता कोणी बनवत नाही. मी विचारलं, मग उपाय? तर म्हणे, डाव्या बाजूला वजन ठेव, निदान सरळ दिसेल.

त्याचं ऐकून मी मागच्या डाव्या जागेवर तांदळाचं पोतं ठेवलं, वर बाजाराचे मुळे आणि कांद्याच्या पातीची जुडी. त्या दिवशी नेमका पाऊस. नव्या मोठ्या बाजारासमोर गाडी उभी केली तर तिथला मॅनेजर काळी गाडी पाहून आतून धावत छत्री घेऊन आला, त्याच्यामागे दोन पोरी धावत आल्या, आणि त्याने कमरेत वाकून मागचं दार उघडलं. आतले मुळे त्याच्या पायांवर घसरले. तो तसाच वाकलेला! वर मान करून बघणं उद्धटपणाचं, म्हणून त्याने तीन मुळे उचलले, रुमालाने पुसले आणि अदबीने पुन्हा बसवले. मीही टोपी काढून आभार मानले. आम्ही दोघांनी हा विषय पुन्हा काढलेला नाही, पण मी आता मुळे दुसरीकडून आणतो.

तेव्हा सुचलं, पोत्यापेक्षा माणसं बरी. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना मी इस्पितळात न्यायला लागलो. बुधवारी डोळेवाले, शुक्रवारी गुडघेवाले. पैसे घेत नाही, फक्त बूट झटकून बसा म्हणतो. तुला वाटेल, चला, दादाला सोबत झाली. कसली सोबत! मी दार उघडून धरतो, ते ओशाळून मागे बसतात, त्या मऊ लोकरी गादीवर टेकले की आवाज बंद. साहेबाच्या जागेवर बसून सुनेची चहाडी करणं कोणाला बरं दिसत नाही. नदीवरचा पूल यायच्या आत सगळे घोरतात. मी एकतीस वर्षं साहेबांचं "चल" आणि "थांब" ऐकलं. आता तेवढंही नाही.

सेकीने आजी मात्र वेगळ्या. गेल्या शुक्रवारी मी मागचं दार उघडून उभा, तर त्या काठी टेकत पुढे गेल्या आणि पुढच्या दाराशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आजी, ती जागा कारकुनाची, तिथे पोरंटोरं बसतात. तर भर रस्त्यात माझ्यावर डाफरल्या, "मागे बसून तुमच्या टकलाशी किती बोलू? आणि रीत मला शिकवू नका. ड्रायव्हर चालवत असेल तर मागची जागा मानाची. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्या शेजारची. गाडी कोणाची आहे? तुमची ना?"

नियम मला पाठ होता, फुसाए. कारखान्यातल्या नव्या पोरांना मीच शिकवायचो, कोणाला कुठे बसवायचं ते. पण तो नियम मलाही लागू होतो, हे काही माझ्या डोक्यात शिरलेलं नव्हतं. मी पुढचं दार उघडलं. त्या जागेवर माझं फडकं, नकाशे आणि जुने हातमोजे. ते उचलले तर खालची गादी कोरी. बावीस वर्षांत तिच्यावर कोणी बसलेलंच नाही. मला काय झालं ठाऊक नाही, मी आजींना म्हटलं, आज नको, आज इथे धूळ आहे. (धूळ! माझ्या गाडीत!) त्या मागे जाऊन बसल्या आणि इस्पितळापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मला किनुएची आठवण झाली होती, दुसरं काय. एकदा हिवाळ्यात, पावसाबरोबर बर्फ पडत होता, मी साहेबांना घेऊन स्टेशनकडे चाललो होतो आणि ती बसच्या थांब्यावर उभी, हातात भाजीची पिशवी. बस आली नव्हती. गावातले सगळे करायचे तसं तिनेही केलं, छत्री मिटली आणि साहेबांच्या गाडीला वाकून नमस्कार केला. मागे साहेब पेपर वाचत होते. मी समोर बघत गाडी नेली. शेजारची जागा रिकामी होती. रात्री जेवताना ती म्हणाली, "किती हळू वळवलीत हो गाडी, माझ्या अंगावर थेंब उडाला नाही." मी म्हटलं, तो माझा धंदाच आहे. एवढंच म्हटलं. भात आणखी मागितला आणि झोपलो.

असो. भलतीकडे वाहवलो. सांगायचं ते हे, की गाडीचं उत्तम चाललंय. तिच्या दोन वर्षांच्या सरकारी तपासणीची मुदत चोवीस तारखेला संपते, ती मी आणखी दोन वर्षं वाढवून घेणार आहे. तामाकीने दक्षिणेत कुठेतरी भंगारात स्प्रिंग शोधली आहे असं म्हणतो. किनुएचं दुसऱ्या वर्षाचं श्राद्ध तेवीस तारखेला आहे. तू येण्याची दगदग करू नकोस. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, तुला बोट लागते, आणि भटजींचेही गुडघे गेलेत, त्यामुळे ते मंत्र अर्ध्यातच आटोपतात. मी एकटा व्यवस्थित आहे. कोसाकुरावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा दादा,
तोकुजी

ता. क. रिकामी पेटी परत पाठवतोय, तिच्यात तुला सहा चमचे घातले आहेत. कारखान्याचेच आहेत, पण नाकारलेल्या मालातले. सूप पिताना फरक कळत नाही.

ता. क. तामाकीने स्प्रिंग शोधलेली नाही. मी विचारलंही नाही. परवा जाऊन त्याला सांगून आलो, की तपासणी करायची नाही, चोवीसला गाडी तूच घेऊन जा आणि मोड. तो बराच वेळ कपाळावरचा चष्मा शोधत बसला. गल्लीत हे कोणाला ठाऊक नाही. शुक्रवारच्या गुडघेवाल्यांना काय सांगायचं ते अजून ठरवलं नाही.

ता. क. येऊ नकोस, मी एकटा व्यवस्थित आहे, असं वर लिहिलंय ते खरं धरू नकोस. तेवीसला सकाळी तुमच्या र्‍योत्सु बंदरातून एक बोट आहे, ती साडेअकराच्या सुमारास निगाताला लागते. लागत असेल तर आल्याची वडी तोंडात ठेव. मी धक्क्यावर असेन. दार उघडून धरणार नाही, तूच उघड आणि पुढे बस. आपण समुद्राकडच्या लांबच्या रस्त्याने जाऊ. वाटेत बोलत राहा. जावयाचं बोल, माशांच्या भावाचं बोल, काहीही बोल, मी उत्तर देईन. सेकीने आजींनी काल पुन्हा विचारलं, तेवीसला श्राद्धाला जाताना पुढे बसू का म्हणून. मी त्यांना सांगितलं, त्या दिवशी ती जागा भरलेली आहे.