मुखपृष्ठावरची पट्टी

माझ्या थोरल्या मावशीस (म्हणजे आईसच, आपल्यात दोन्ही एकच) लेकीचा मायेचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? साखर मोजतेस ना, की यंत्र उशाशी ठेवून समाधान मानतेस? आजीच्या शोकासाठी तुम्ही रानात बसला आहात, त्या तळावर पहाटे गारठा असेल. जळण पुरतंय का? कुत्री सगळी धड आहेत ना? तिकडे फोन लागत नाही म्हणून हे पत्र क्लिफर्डमामाच्या हाती देते आहे. सोबत पीठ, चहा आणि कांगारूच्या तीन शेपट्या आहेत. मामाला तीनशे किलोमीटर गाडी हाकायची आहे, तेव्हा दोन पोचल्या तरी नशीब समज.

इकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून. गेलेल्या माणसावर रागावू नये हे मला कळतं, आजीवर तर मुळीच नाही. पण मावशी, चौतीस वर्षांच्या आयुष्यात मी एक पुस्तक लिहिलं. आपल्या वस्तीतल्या बाईचं कवितांचं पहिलंच पुस्तक. त्याची खोकी मेलबर्नहून सोमवारी दुकानात उतरली आणि आजी मंगळवारी गेली. बरं, माझं नाव ठेवलं कुणी? तिनेच. दुसरं शोधायचा कंटाळा केला आणि स्वतःचंच देऊन मोकळी झाली. आता गेलेल्या माणसाचं म्हणून रीतीने तिचं नाव घ्यायचं नाही, लिहायचं नाही, म्हणजे माझंही नाही. आणि मुखपृष्ठावर ते लालभडक छापलंय, पुस्तकाच्या नावाच्या दुप्पट मोठं. (चित्रकाराला म्हणे ते नाव फार आवडलं.)

आजीच्या नावाच्या जेवढ्या बाया होत्या, त्या सगळ्या रीतीप्रमाणे आता कुमंजाई, म्हणजे 'जिचं नाव घ्यायचं नाही ती', झाल्या. मी, टायरच्या दुकानातली आणि शाळेत स्वयंपाक करणारी, अशा तिघी आहोत. दवाखान्यात हाक आली की तिघी उठतो. मागच्या आठवड्यात मी टायरवालीची रक्तदाबाची गोळी घेऊन घरी आले आणि ती माझं खोकल्याचं औषध प्यायली. गुण आला म्हणते.

प्रकाशकबाई फिलिपा रोज फोन करते. बाई मनाने चांगली आहे, पण तिने पुढच्या शुक्रवारी अॅलिस स्प्रिंग्जच्या वाचनालयात प्रकाशन ठरवून ठेवलंय. तिला सगळं समजावलं. आजाऱ्याच्या खाटेशी बसून बोलावं तशा आवाजात तिने विचारलं, नाव मोकळं व्हायला साधारण किती वेळ लागतो? मी म्हटलं, वर्ष, दोन वर्षं, घरच्यांच्या मनावर असतं. ती म्हणाली, शुक्रवारला नऊ दिवस आहेत. मग तिनेच तोडगा काढला की पुस्तकावर नुसतं कुळनाव घालू, 'नुंगराई'. आता नुंगराई म्हणजे वस्तीतली दर आठवी बाई. ही बातमी फुटल्यावर तासाभरात आयव्हीताई, तीही नुंगराईच, दुकानात सांगत होती की पुस्तक लिहायला आपल्याला चार वर्षं लागली आणि पाठ अजून दुखते. तोडगा मी तिथेच गुंडाळला.

रेडिओवर डेस्मंडने माझी मुलाखत घेतली. नाव घ्यायचं नाही म्हणून त्याने 'आज आपल्यासोबत आहे एक बाई' अशी सुरुवात केली. मग कुणाची मुलगी, कुणाची नात (इथे परत अडला), गाडी कुठल्या रंगाची, हे सगळं सांगत बसला. ऐकणाऱ्यांना वाटलं ही ओळखायची स्पर्धा आहे. फोनांची रांग लागली. सहाव्या फोनवाल्याने मला ओळखलं, आणि वेळ संपली म्हणून त्याने गाणं लावलं. कविता एकही वाचून झाली नाही.

शेवटी क्लिफर्डमामाने दवाखान्यातून पांढरी चिकटपट्टी आणली आणि तीनशेच्या तीनशे प्रतींवरचं नाव झाकलं. पुस्तकं आता फुटबॉलच्या मैदानातून मार खाऊन आल्यासारखी दिसतात.

आजीने यातली प्रत्येक कविता ऐकली होती, हे तुला माहीत नसेल. मी वाचायची, ती डोळे मिटून ऐकायची आणि संपलं की विचारायची, "एवढंच? मग पाणी सापडलं की नाही?" मी चरफडत आणखी चार ओळी लिहायची आणि पाणी शोधून द्यायची. पुस्तक येणार हे कळल्यावर ती गावभर सांगत फिरली की माझं पुस्तक येतंय. मी म्हटलं, आजी, माझं. तर म्हणाली, "नाव कुणाचं आहे त्याच्यावर?" वाचता येत नव्हतं, पण तेवढं एक नाव ती ओळखायची. सोमवारी मी एक प्रत तिच्या अंथरुणाशी नेली. तिने नावावरून बोट फिरवलं, पुस्तक उशीखाली सरकवलं आणि म्हणाली, "छान लिहिलंय मी." अशा बाईशी भांडायचं तरी कसं? भांडायला आता ती नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

गुडघ्याला शेक दे. सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझीच,
(तूर्त) कुमंजाई

ता. क. तू आजीची थोरली लेक, तेव्हा नाव मोकळं करायचं ते तुझ्याच शब्दाने. शुक्रवारच्या आत 'हो' म्हणालीस तर मामा पट्ट्या काढेल आणि प्रकाशनात माझं नाव पुकारतील. फिलिपाने हे तुला फार आदराने विचारायला सांगितलं आहे. विचारलं.

आणखी एक. वरचं फिलिपासाठी होतं. तिला 'मावशीला लिहिलं' म्हणून खरं सांगता यावं एवढंच. माझं मागणं वेगळं आहे. नाव इतक्यात सोडू नकोस. शुक्रवारी मी पट्टीचंच पुस्तक हातात घेऊन वाचेन, बघू दे लोकांना. घरात कुणी त्या नावाने हाक मारली की आजी आणि मी दोघी एकदम "काय?" म्हणायचो. तू नाव सोडलंस की लोक हाक मारतील आणि मी एकटीच ओ देईन. तेवढं मला अजून जमायचं नाही.