ताणाविना दिवस

३ मार्च, सोमवार
आज ऑफिसात पाटी लागली. ‘ताणाविना दिवस’, आणि खाली खिळ्यांवर आकडे अडकवायचे. वरच्या ऑफिसचं पत्र आलंय म्हणे, कर्मचाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी करा. आमचे साहेब आधी कारखान्यात होते. तिथे ‘अपघाताविना दिवस’ अशी पाटी असायची. तीच कल्पना उचलली! तीस दिवस कोणाला ताण आला नाही तर सगळ्यांना एक दिवस सुट्टी. कोणाला आलाच, तर आकडा शून्यावर.
आकडे बदलायचं काम माझ्याकडे. का? तर मी उंच आहे.

४ मार्च, मंगळवार
ताणाचा फॉर्म वाचला. ताण आल्याची वेळ. ठिकाण. प्रत्यक्ष पाहणारे दोन साक्षीदार, सहीसकट.
नवऱ्याला सांगितलं तर हसून हसून चहा सांडला त्याने. “चोरी झाल्यासारखं आहे हे,” म्हणाला.

७ मार्च, शुक्रवार
आकडा ४.
लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने बटण दाबलं की फोन आमच्याकडे वाजतो. मेकॅनिक पोचेपर्यंत आम्ही बोलत राहायचं – नऊ जणांचं एवढंच काम. आज एक आजी चाळीस मिनिटं अडकल्या. घंटीने त्यांच्याकडून सगळ्या नातवंडांची नावं वदवून घेतली, मग त्यांच्या खोड्या. आजी हसतच बाहेर पडल्या म्हणे!
घंटी म्हणजे माझ्या समोरच्या टेबलावरची. फोन वाजायच्या आधीच उचलते म्हणून हे नाव. फोन ठेवल्यावर तिने उजवा हात मांडीखाली दाबून धरला. थरथरत होता. मी पाहिलं. तिने पाहिलं की मी पाहिलं.

१२ मार्च, बुधवार
आकडा ९. कोपऱ्यातला जाड्या बाथरूममध्ये रडत होता. आवाज साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही तिघीचौघी दारापाशी उभ्या राहून खोकत होतो. साहेब आलेच. काय झालं? “सर्दी!” सगळ्या एका सुरात.
दुपारी नऊ जणांसाठी वाफेचं यंत्र आलं. साहेब खरंच काळजी करतात, हीच तर पंचाईत. सगळे आळीपाळीने टॉवेल घेऊन बसलो. जाड्याला बरं पडलं – टॉवेलखाली हवं तेवढं रडता येतं.

१८ मार्च, मंगळवार
आकडा १५. घंटी टेबलाखाली बसून फोन घेते. “इथे आवाज स्वच्छ येतो,” म्हणाली. साहेबांनी वाकून पाहिलं आणि खाली एक गादी द्यायला सांगितली. कोणी हसलं नाही.
जेवणाच्या सुट्टीत मीही खाली शिरले. तेव्हा बोलली. महिन्यापूर्वी एक गृहस्थ अडकले होते. मुलीच्या परीक्षेबद्दल सांगत होते. मध्येच थांबले. ही हाका मारत राहिली. दार उघडलं तेव्हा ते गेलेले होते. दोन मिनिटांनी हिच्याकडे पुढचा फोन आला. तोही हिने उचलला.
“कोणाला बोलली नाहीस?”
“अगं, मेकॅनिकचा अहवाल होता की. त्यात सगळं होतं.”
आणि मी काय म्हणाले? “अजून पंधराच दिवस कळ काढ गं.” मी! हे लिहायलासुद्धा हात धजत नाही.

२६ मार्च, बुधवार
आकडा २३ होता.
अकराच्या सुमारास घंटीने फोन उचलला आणि बोललीच नाही. पलीकडे एक बाई “हॅलो, हॅलो” ओरडतेय, आणि ही टेबलाखाली डोळे मिटून. मी फोन घेतला. बाई सुटल्या. मग उठले, पाटीवरचे आकडे काढले आणि शून्य अडकवलं. खुर्चीसुद्धा लागली नाही!
साक्षीला कोणी येईना. “ताई, सातच दिवस राहिले होते!” – हे जाड्या म्हणाला, ज्याच्यासाठी आम्ही घसा फुटेस्तोवर खोकलो. फॉर्मवर ‘ताण कोणाला’ इथे आधी घंटीचं नाव लिहिलं. मग त्याच्या वर माझं. साक्षीदार – ती माझी, मी तिची. झालं!
तिला रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रस्ताभर ती माझा हात धरून होती. डॉक्टरीणबाईंनी महिनाभर घरी राहायला सांगितलं, आणि दर आठवड्याला येऊन बोलायला.

२७ मार्च, गुरुवार
पाटीवर २४! साहेबांनी स्वतः खुर्चीवर चढून लावले. मला बोलावलं.
“शून्य कोणाला विचारून लावलंत?”
“शून्याला परवानगी लागते?”
“अहो, तीस दिवसांचा अहवाल मी आधीच वर पाठवलाय! ते खूश आहेत. सगळ्या शाखांमध्ये ही पाटी लावणार आहेत, उद्या बघायला येतायत. आता शून्य कुठून आणू?” पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला.
फॉर्म घेतला नाही. मी त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

२८ मार्च, शुक्रवार
पाहुणे साडेनऊलाच आले. साहेबांचा पत्ता नाही. तेवढ्यात फोन वाजला – आमच्याच इमारतीची लिफ्ट. पलीकडे नुसता श्वास. मेकॅनिकला खाली पिटाळलं. दोन मिनिटांत त्याचा फोन.
“ताई, लिफ्ट ठणठणीत आहे. दार सताड उघडं आहे. आत साहेब उभे आहेत. म्हणतात, बाहेर येता येत नाहीये. आता मी दुरुस्त काय करू?”