भिंतीवरचा कित्ता

रत्नागिरी, ४ डिसेंबर १९३३

इकडच्या स्वारीस,

नमस्कार आज लिहीत नाही.

काल शाळा तपासायला आलेले डेप्युटीसाहेब आपल्याकडे जेवले. वर्गात टांगलेल्या कित्त्याचं अक्षर त्यांना फार आवडलं होतं. इकडून सांगणं झालं, "माझंच ते." वर माझ्याकडे बघून, "ही मात्र अक्षरशत्रू." साहेब हसले. मी सोलकढी वाढली.

इकडचा हात थरथरायला लागल्यापासून, सहा वर्षं, ते कित्ते मी लिहिते. बाहेर कधी बोलले नाही. आताही बोलणार नाही.

मुलींच्या शाळेत मास्तरीण हवी आहे. माझा अर्ज आज सकाळच्या टपालानं साहेबांकडे गेला. हे पत्र चुलीत घालते. अर्ज पुरेसा आहे. अक्षर साहेबांच्या ओळखीचं आहे.

अक्षरशत्रू,
भागीरथी