इराच्या एम.टेक.ला माझी परवानगी

२ जून, दोहा
परत तेच. फोन मी लावायचा, बॅलन्स माझा जायचा, आणि आई आधी शेजारच्या कमळाबाईंच्या गुडघ्याचं सांगणार. मुद्दा सगळ्यात शेवटी. आमची धाकटी बहीण इरा लोअर परळची इंजिनिअरची नोकरी सोडून पवईला एम.टेक. करणार. चार वर्षं शिकलीच होती की. मी दहावीला दोनदा बसलो, मला विचारा परत परत शिकून काय होतं.
माझी परवानगी नाही म्हटलं. आई म्हणाली, बरां. दरारा आहे अजून.

४ जून
प्रश्न तत्त्वाचा आहे, बेडचा नाही. कॅम्पच्या खोलीत एसीसमोरचा खालचा बेड माझा. कारण सुपरवायझरला सांगून ठेवलंय, बहीण मोठ्या कंपनीत इंजिनिअर, तुझ्या पोराला चिकटवेल. हे आपलं सहज लिहिलं.
ठराव : एक रुपया देणार नाही.

७ जून
इराशी कडक बोललो. मुद्दे हातावर लिहिले होते, घामाने पुसले. ती म्हणाली, दादा, दिवसभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर टिकमार्क करते रे, मला स्वतःचं काहीतरी करायचंय. म्हटलं, मी दिवसभर दुसऱ्यांचे एसीचे डक्ट उचलतो, मी केलं का एम.टेक.? हसली. विनोद नव्हता तो.
विचार करायला चार दिवस दिलेत.

११ जून
राजीनामा मेमध्येच दिला होता म्हणे. म्हणजे माझ्या परवानगीला वेळ लागणार हे तिने ओळखलं. हुशार आहे.

१३ जून
नवा ठराव : फी मीच भरणार. ओव्हरटाइम चालू, सिगरेट बंद, शुक्रवारची बिर्याणी बंद. भाषण तयार आहे. बाळा तू शीक, दादा आहे. वरच्या बेडवाल्या चंदूला म्हणून दाखवलं, त्याच्या डोळ्यांत पाणी. कांदा चिरत होतो म्हणतो.

१५ जून
भाषण अर्ध्यावर राहिलं. फी तिने पगारातून साठवलीये, वर तिकडे दर महिन्याला स्टायपेंड. शिकायचे पैसे देतात. दहावीला दिले असते तर मी तिसऱ्यांदाही बसलो असतो.
आईला विचारलं, मग माझ्या पैशांचं काय? म्हणाली, आता तुझे तुका ठेव, दोन बरे शर्ट घे.
तीन वर्षं पाठवतोय. शर्ट आहेत माझ्याकडे.
सिगरेट ओढली. दोन.

२० जून
चंदूने सुपरवायझरला सांगितलं, बहिणीने नोकरी सोडली. आजपासून खालचा बेड चंदूला. वरून खोली चांगली दिसते.

२४ जून
दगडूमामांचा फोन, चाळीच्या मंडळाचे सेक्रेटरी. गेटवर इराच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागतोय. म्हटलं, माझा फोटो मोठा, तिच्या बाजूला. मामा म्हणाले, बाजूला भावी नगरसेवक आहेत. तुला खाली शुभेच्छुकांत बसवतो, गॅसवाल्याच्या शेजारी. नुसतं नाव तीनशे, फोटोसकट पाचशे. म्हटलं, मामा, सख्खा भाऊ आहे मी. म्हणाले, म्हणून तर सातशेचे पाचशे केले.

२५ जून
इराला सांगितलं, फ्लेक्सबिक्स मला आवडत नाही. ती म्हणाली, दादा, तुझा फोटो नसला तर मी तो लावूच देणार नाही. मागून आई ओरडली, त्याका सांग, हेल्मेट काढून फोटो काढ.
काढला. शर्ट चंदूचा.
पाचशे पाठवतोय.