इमामांच्या शिदोरीतली भाकर

अप्पा, यंदा मोहरमला मी नांदेडहून गावी आले होते. रेणापूरचा स्टँड तुम्ही आता ओळखणार नाही, पण आपल्या गल्लीतली सवारी, इमामांच्या नावाचा तो पंजा, अजून त्याच रस्त्यानं निघते. तुमची ती रिवायत, करबलाच्या लढाईचं शोकगीत, सवारीपुढं म्हणायला मात्र तुमच्या मागं कुणी उरलं नव्हतं. सवारी उचलणारे तुमचे दोस्त, आमचे चाचा, फोनवर म्हणाले, "बेटा, तू न्हाई आलीस तर पोरं डीजे लावतेत बघ. मंग अप्पाचं गानं गेलंच." अख्खं गाणं आता एकट्या मलाच पाठ होतं, कारण किराणा दुकान बंद करून आलात की तुम्ही स्वयंपाकघरात बसूनच ते घोकायचात.

अजून डोळ्यांपुढं आहे सगळं. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि तोंडात करबला. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही मांडीवर ताल धरलाय. गाण्यात इमाम लढाईला निघतात आणि बहीण त्यांना ज्वारीची भाकर आणि ठेचा बांधून देते. मी शाळेत भूगोल शिकून शहाणी झालेली. विचारते, "अप्पा, करबलात ज्वारी पिकती का?" तुम्ही डोळे वटारता. "मंग काय उपाशी धाडू का त्याला? लई लांब जायचंय लेकराला." हसता हसता आई तव्यावरची भाकर उलटायची विसरते.

आता गाणं कागदावर उतरवताना माझ्यातली मास्तरीण जागी झाली. उद्या कुणी वाचेल आणि हसेल, म्हणून भाकर काढून मी तिथं खजूर घातले. चाचांना वाचून दाखवलं, तर मध्येच थांबवून म्हणाले, "भाकर कुठं गेली?" मी समजावू लागले. खरी हकीकत त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक, तरी मान हलवत राहिले. "खजूर आमच्याकडं हायेतच, बेटा. भाकर तुमच्या घरची हाय. ती काढली की हे गानं आमचं एकट्याचं हुतंय." लोककला जपा म्हणून कॉलेजात इतकी भाषणं ठोकली, आणि जपायला बसले तर नेमकं तेच निवडून फेकत होते. चाचांसमोरच खजूर खोडले.

दहाव्या दिवशी दुपारी ताशा थांबला आणि मी सुरुवात केली. आपल्या शेजारच्या काकू आणि चाचांच्या घरच्या बाया एकाच ओट्यावर दाटीवाटीनं बसल्या होत्या. भाकरीच्या ओळीला मला रडू आवरेना आणि गाणं तिथंच थांबलं. तेव्हा ओट्यावरून काकूंनी ती ओळ उचलली, मग त्या बायांनीही. कशीबशी मी त्यांच्यात मिसळले. सवारी पुढं गेल्यावर चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "इमामांसाठी इतकं रडणारं आजकाल दिसत न्हाई."

त्यांना खरं सांगवलं नाही. हे पत्र कुठं पोचायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी इमामांसाठी रडत नव्हते, अप्पा. तुमच्यासाठी रडत होते.