अकरा मिनिटांची जागा

३ फेब्रुवारी, देवास
ही वही दिवाळीत आणली. लिहायला आज बसलोय. पेन सापडत नव्हतं असं लिहिणार होतो, पण पेन खिशातच होतं. मन नव्हतं. आज राग आलाय, म्हणून लिहितोय.

अमेरिकेतली एक कंपनी माणसांना रॉकेटमधून वर नेते. अकरा मिनिटं. जायचं, तीन-चार मिनिटं तरंगायचं, परत. करोडपती तिकीट काढून जातात. यंदा त्यांनी एक सीट लॉटरीत फोकट ठेवली. डिसेंबरात मी मोबाइलवर फॉर्म भरला. आज मेल आला. निवड झाली. श्री. बळवंतराव यांची.

बळवंतराव म्हणजे तात्या, माझे आजोबा. वय एकाहत्तर. जन्मभर बँडवाल्यांचे ड्रेस शिवले.

चूक माझी नाही. आमच्याकडे घरात जे येतं ते थोरल्याच्या नावानं येतं. गॅस, मीटर, माझं सिम, माझी गाडीसुद्धा. हात सवयीनं चालला. अर्जदार: तात्या. वारस: मी.

आता वारस होऊन काय फायदा.

५ फेब्रुवारी
नियम चिऊनं वाचून दाखवले. बहीण असून खुश वाटली नाही. विजेत्यानं लेखी नकार दिला तर घरातलं एक माणूस त्याच्या जागी जाऊ शकतं. त्यानं १५ मार्चच्या आत इंदूरला गोल फिरणाऱ्या खुर्चीची टेस्ट द्यायची. बस, एवढंच. तात्या सही करतील. संध्याकाळी सांगतो.

६ फेब्रुवारी
सांगितलं नाही. अमनच्या मोबाइलच्या दुकानात बसलो होतो. एक ड्रोन दुरुस्तीला आलं होतं, त्यात रात्र झाली. अमन म्हणाला, भिया, तू वर गेलास तर खाली तुझी जागा कोण चालवणार, हे स्टूल रिकामं पडेल. सगळी पोरं हसली. पृथ्वीवरच्या लोकांची लेव्हल.

७ फेब्रुवारी
सांगितलं. तात्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, वरून देवास दिसतं का. मी म्हटलं, अमेरिकेतून उडतं, देवास कुठून दिसणार. मग काय दिसतं? म्हटलं, पृथ्वी गोल दिसते, आकाश दिवसा काळं दिसतं. चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, बघून येतो.

बघून येतो. जणू मंडीत मेथी आली का ते बघायला चाललेत.

१५ फेब्रुवारी
तात्या रोज पहाटे पायऱ्यांनी माताजीची टेकरी चढतात. वर्तमानपत्रातली रॉकेटची चित्रं कापून शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीत. चिऊ म्हणते, गोलू, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलंय. मी म्हटलं, मागितलं कुठं, मिळालंय, आणि तेही माझ्या डेटा पॅकवर.

संकल्प: उद्यापासून पहाटे चारला टेकरी. पळत.

१६ फेब्रुवारी
नऊला गेलो. रोपवे चालू होता. वर गेलो, चार मिनिटं थांबलो, खाली आलो. सबऑर्बिटल उड्डाण म्हणजे नेमकं हेच. पायऱ्यांनी चढून काय शिकणार? तात्या पायऱ्या उतरताना दिसले. त्यांनी हात केला. मी ट्रॉलीत होतो, बिझी होतो.

२६ फेब्रुवारी, धार
भांडण झालं. मी बोललो ते बरोबरच बोललो. तुमचं वय झालं, तुमचं सगळं बघून झालं, आमचं काय? तात्या सुईत दोरा ओवत होते, तो ओवलाच जाईना. तेवढं बघून मी निघालो.

यमुनाआत्याकडे आलोय. सही होईपर्यंत देवासचं तोंड बघणार नाही. आत्या म्हणाली, अरे, मनावर गावाच्या बसमध्ये तुला तोंडाशी पिशवी धरावी लागते, तू रॉकेटात काय करणार. मी समजावलं की रॉकेटच्या रस्त्याला वळणं नसतात. शिकलेली बाई, पण तिला विज्ञान नाही.

६ मार्च
जिंकलो. तात्यांनी सही केली. चिऊनं फोटो पाठवला. वर त्यांच्या अक्षरात एक ओळ आहे: माझा नातू जाईल, त्याची हौस माझ्याहून मोठी आहे. 

आत्यानं शिरा केला. मी तिच्यावर खेकसलो, गोड कमी आहे म्हणून. गोड बरोबर होतं. माहीत नाही का खेकसलो.

१० मार्च
कंपनीच्या मोना मॅडमचा तिसरा फोन. टेस्ट के लिए कब आ रहे हैं? रंगपंचमीचं पाणी कानात गेलंय, असा कान घेऊन खुर्चीत बसणं शास्त्राला धरून नाही, असं कळवलं. त्या म्हणाल्या, पंद्रह के बाद कुछ नहीं हो पाएगा. धमकी देतात. फोकटच्या सीटवर एवढा माज.

१३ मार्च, धरमपुरी
इंदूरला गेलो होतो. गेलो होतो हे नोंदवून ठेवतो. काचेतून खुर्ची बघितली. एक पहिलवानासारखा माणूस तिच्यातून उतरला, जमिनीवर बसला आणि भिंत धरून राहिला. मशीनमध्ये फॉल्ट आहे हे माझ्या तिथंच लक्षात आलं. अशा बेजबाबदार लोकांच्या हाती स्वतःला देणार नाही. बाहेर पडलो. समोर उभी होती ती बस धरली. ती या बाजूची निघाली. पिशवी लागली.

घरून फोन आला. तात्याच बोलत होते. झाली का टेस्ट? तोंडातून निघून गेलं, पास झालो, कंपनीनं ट्रेनिंगला धरमपुरीला ठेवलंय, नर्मदेवर. ते मग म्हणाले, शाब्बास.

त्यांनी रागवायला पाहिजे होतं. शाब्बास कशाला म्हणायचं?

१४ मार्च
उद्या नक्की इंदूर. सकाळची पहिली बस.

१६ मार्च
ट्रेनिंग खोटं राहू नये म्हणून नावेत बसलो. मध्यावर पाणी बघितलं आणि नाव परत फिरवायला लावली. नाववाला म्हणाला, भिया, उस पार तो चलो, आधे में क्या रखा है. अडाणी आहे. वर जाऊन परत येणं यालाच तर लोक करोडो देतात.

१८ मार्च, सकाळ
मेल. मुदत संपली, तुमची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला दिली आहे, शुभेच्छा.

शुभेच्छा तुमच्याकडेच ठेवा. कंपनी चोर. खुर्ची खराब. चिऊनं तारीख आठवण करून द्यायला हवी होती. आणि तात्या. एवढ्या पटकन सही करायची काय गरज होती? थोडं अडून बसले असते तर सीट घरात राहिली असती.

प्लॅन पक्का आहे. रॉकेटात बिघाड झाला, उड्डाण पुढं ढकललं, असं महिनाभर सांगायचं. मग लोक विसरतात. तात्यांना मेल वाचता येत नाही, आणि ते देवास सोडून कुठं जात नाहीत. कोणाला काही कळणार नाही.

१८ मार्च, अकरा वाजता
घाटावर बसून कंपनीला तक्रार लिहीत होतो. पलीकडच्या काठावरून नाव येतेय. बसवाल्यानं कोणाला तरी चुकून नर्मदेच्या पुलापलीकडे नेऊन सोडलं असणार. म्हातारा आहे. मध्यावर बाकीचे बसलेत, हा उभा आहे, पाण्याकडे बघून नाववाल्याला काही विचारतोय. हातात पेढ्यांचा डबा.

तात्या आलेत. ट्रेनिंग बघायला.