उपाशी भिंत

८ सप्टेंबर २०२५, पार्सिपनी
नोकरीचा पहिला दिवस मस्त गेला. नागपुरात बारा वर्षं फ्लॅटचे नकाशे काढले आणि अमेरिकेत येऊन मोजायचं काय, तर स्कॉटलंडचा पडका किल्ला. शंभर वर्षांपूर्वी कुणा धनिकाने तो दगड दगड सुटा करून जहाजाने इथल्या टेकडीवर आणला. हौसेला मोल नसतं. चौकोनी बुरूज, गोल जिना, नऊ फूट जाडीच्या भिंती. आपला दोन बेडरूमचा फ्लॅट एका भिंतीत मावेल, असं माझा नवरा देवदत्त म्हणाला. लेकीला, इशिताला, किल्ला बघायचाच आहे.

११ सप्टेंबर
स्कॅनमध्ये पूर्वेच्या भिंतीत पोकळी सापडली, माणूस उभा राहील एवढी. बाहेर बोटभर फट. माझी बॉस रीमा इथेच जन्मलेली, पण किल्ल्याचा इतिहास तिला तोंडपाठ. किल्ला बांधणाऱ्या कुळाचा नियम असा, की ज्याला घास दिला तो पाहुणा. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, निघाला तर अडवायचं नाही. म्हणून सरदाराने धाकट्या भावाला एक घासही न देता तिथे चिणलं, आणि चिणलेल्याचं नाव, चेहरा सगळे विसरले. अजूनही किल्ल्यात कुणी डबा उघडत नाही.

१५ सप्टेंबर
बाबांची तिथी. मला भाऊ नाही, म्हणून पान मीच ठेवलं. कावळा फिरकलाच नाही. मग घास डब्यात घालून साइटवर नेला. फटीपाशी आले आणि राहवेना. कुणी उपाशी असताना आपण जेवावं, हे आमच्या घरात बसत नाही. घास आत सरकवला. बरं वाटलं.

१६ सप्टेंबर
पुन्हा स्कॅन केलं. पोकळी नाही. भिंत भरीव. रीमाला घासाचं सांगितलं. तिने दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाली, यार, तू खायला दिलंस, म्हणजे आता तो तुझा गेस्ट.

१८ सप्टेंबर
इशिताच्या कपाटाचं दार पुरतं उघडत नाही. लेझरने मोजलं. खोली दीड फुटाने लहान झाली आहे. देवदत्त म्हणतो, कामाचं खूळ डोक्यात गेलंय. इशिता म्हणते, ही लाइक्स माय रूम.

१९ सप्टेंबर
इशिताला वेस्ट विंडसरला सुवर्णामावशीकडे नेलं. तिथल्या खोलीतही — चार फूट. परत आणलं. मला घे म्हणून भिंतीला विनवलं. माझ्या खोलीला काही होत नाही.

२० सप्टेंबर, सकाळी
दोन मिनिटं आंघोळीला गेले. ती पुस्तक आणायला आत — दार उघडलं तर दगड.
फायरवाले म्हणतात, मॅडम, लीजवर एकच बेडरूम आहे. देवदत्त विचारतो, कोण इशिता —

दुपारी
मलाही चेहरा नीट — लिहून ठेवते. सात वर्षांची. पुढचा दात पडलाय. केस

भिंतीतून कुणी मुलगी आई आई म्हणून हाका मारतेय. कुणाची असेल बिचारी. मला तर मूल